दार मी केलं, राखलं त्याने

देवावर माझा कधी राग नव्हता. त्याच्याकडे माझं काही काम उरलं नव्हतं, इतकंच. मी दर्यावर्दी माणूस. ऐन उमेदीची वर्षं जहाजांच्या इंजिनरूममध्ये घालवली आणि लग्नानंतर किनाऱ्यावरची नोकरी धरून हॅम्बुर्गला आलो. इंजिनरूममध्ये प्रत्येक गोष्टीला कारण असतं. बंद पडलेला पंप नवसाने चालू होत नाही, तो उघडावा लागतो. आमचं गाव कोकणात, खाडीच्या तोंडाशी, आणि किनाऱ्यावरचा महादेव हे आमचं कुलदैवत. आई होती तोवर सुट्टीत पाया पडायला जायचो. ती गेली आणि तेही सुटलं. माझी बायको मुग्धा मात्र रोज सकाळी देवापुढे निरांजन लावायची. फ्लॅटमधला धुराचा गजर वाजू नये म्हणून थंडीतही खिडकी उघडायची. मी तेव्हा कोट चढवून स्वयंपाकघरात कॉफी संपवत असायचो.

दोन हजार दहानंतरची ती पहिली दोन-तीन वर्षं. एडनच्या आखातात समुद्री चाच्यांनी उच्छाद मांडला होता. आमच्या कंपनीची मालवाहू जहाजं त्याच वाटेने जात, आणि त्यांना चाच्यांपासून राखण्याची तयारी करणं हे माझं काम होतं. कठड्यांना काटेरी तारेची भेंडोळी, बाजूंनी पाण्याचे जोरदार फवारे, आणि सगळे उपाय हरले तर शेवटचा आसरा म्हणून एक कडेकोट खोली. जहाजाच्या पार मागे, सुकाणूयंत्राजवळ, पोलादी दाराची. आत पाणी, खाणं आणि एक सॅटेलाइट फोन. इंजिन बंद करायचं, सगळ्यांनी आत जायचं, माणसं मोजायची आणि दार लावून घ्यायचं. एकदा लावलेलं दार बाहेरून कुणीही ठोठावलं तरी उघडायचं नाही, ओळखीचा आवाज आला तरीही नाही. कारण त्या ओळखीच्या गळ्यावर बंदूक टेकलेली असू शकते. हा शेवटचा नियम माझ्या आग्रहावरून घातला होता. त्याचा मला अभिमान होता.

त्यातल्याच एका जहाजावर मुग्धाचा धाकटा भाऊ निखिल थर्ड इंजिनियर होता. नोकरी त्याला मीच मिळवून दिली होती. जहाज हॅम्बुर्गला लागलं की तो आमच्याकडे जेवायला यायचा, बहिणीच्या हातची आमटी वाट्या-वाट्यांनी प्यायचा. त्याची आई तिकडून काळजी करायची, तेव्हा मी फोनवर सांगायचो, “आई, त्या जहाजाचं दार मी स्वतः करून घेतलंय. तुम्ही निर्धास्त राहा.”

शरद ऋतूतली एक करडी, भुरभुर पावसाची सकाळ होती. ऑफिसात पोचून ओला कोट अडकवतोय तोच फोन वाजला. जहाजाचा कॅप्टन ओलेह होता. युक्रेनचा माणूस, एरवी शब्द तोलून बोलणारा. त्या दिवशी तो भराभर बोलत होता. दोन वेगवान होड्या, गोळीबार, शिडी अडकवलीय, आम्ही आत जातोय. आणि फोन कट झाला. त्यानंतर त्या कडेकोट खोलीतून फोन यायला हवा होता. तो आलाच नाही. आम्ही लावत राहिलो, नुसती शांतता. अँटेना फुटली असेल किंवा वायर तुटली असेल, हे मला कळत होतं. पण कारण कळलं म्हणून धीर येतोच असं नाही, हे मी त्या दिवशी शिकलो.

युरोपीय नौदलाची एक युद्धनौका, फ्रिगेट, तिकडे निघाली होती. तिच्यावरचा अधिकारी स्पीकरवर आला. त्याचा प्रश्न एकच होता. सगळी माणसं खोलीत आहेत, हे नक्की का? तसं असेल तर कमांडो चढतील, आणि जहाजावर जो हलेल तो चाचाच समजला जाईल. एक जरी माणूस बाहेर असेल तर त्यांना थांबावं लागेल. आमचा विभागप्रमुख टॉर्स्टन माझ्याकडे वळून म्हणाला, “ती खोली तू बनवलीस. ही माणसं तू शिकवून तयार केलीस. तूच सांग. फ्रिगेट पोचायच्या आत उत्तर हवंय.”

तेवढ्यात मुग्धाचा फोन आला. मी बाहेरच्या पॅसेजमध्ये गेलो. तिला सगळं सांगितलं. सांगायला नको होतं की काय, ते आजही कळत नाही. ती म्हणाली, “अरे, मग सांगून टाक ना! आहेत म्हणावं सगळे आत. तूच तर शिकवलंयस त्यांना.”

“मुग्धा, मला नक्की माहीत नाहीये.”

“तुझ्या माहीत असण्यावर माझ्या भावाचा जीव टांगायचा का? ते लोक त्याला सोमालियात नेऊन ठेवतील रे. वर्षवर्ष ठेवतात. आईला काय सांगू मी?”

तिचं चुकत नव्हतं. माझंही मन तेच म्हणत होतं. दार भक्कम, कवायत पक्की, मग सगळे आत असणारच. ‘असणारच’ आणि ‘आहेत’ यांच्यात फक्त एका शब्दाचं अंतर होतं, आणि तो शब्द माझ्या जिभेवर आला होता. मी टॉर्स्टनला म्हटलं, थोडा वेळ दे, आणि कोट न घेताच रस्त्यावर आलो.

बंदराजवळ एक जुनं चर्च आहे. त्याच्यावरून मी रोज जायचो, आत कधी गेलो नव्हतो. त्या दिवशी पाऊस वाढला म्हणून गेलो, असंच मला वाटलं. आत छताला एक लाकडी जहाज टांगलेलं होतं, शिडांसकट. समुद्रावर गेलेल्यांसाठी तसं टांगायची तिकडे रीत आहे. एक म्हातारी बाई फुलदाण्यांमधली सुकलेली फुलं काढत होती. मी बाकावर बसलो आणि हात कधी जोडले गेले मला कळलं नाही. पण मागू काय? माझ्या मनात नुसत्या आज्ञा येत होत्या. दार टिकव. फोन चालू कर. निखिलला आत ठेव. एखाद्या हाताखालच्या माणसाला सांगावं तसं मी देवाला कामं सांगत होतो.

ती बाई जवळ येऊन उभी राहिली. भिजलेल्या शर्टाकडे पाहून तिने विचारलं, “तुमचं कुणी समुद्रावर आहे का?”

“मेहुणा,” मी म्हणालो, आणि मग त्या अनोळखी बाईला सगळं सांगून मोकळा झालो. नौदलाचा प्रश्न, मुग्धाचा फोन, जिभेवरचा शब्द, सगळं. ती शेजारी बसून ऐकत राहिली. मग म्हणाली, “माझा नवरा मासेमारीच्या बोटीवर होता. वादळ आलं की मी इथे येऊन देवाला सूचना द्यायचे, हे कर, ते कर. पण तो काही माझ्या सूचनांवर चालत नव्हता. मग मी ते सोडलं. आता फक्त आहे तसं सांगते. जितकं मला माहीत आहे तितकं. पुढचं त्याचं काम.”

एवढं बोलून ती आपल्या फुलांकडे गेली. तिने मला ना सल्ला दिला ना आशीर्वाद. पण माझ्या छातीवरचं ओझं कुणीतरी दुसऱ्या टोकाला हात लावून उचलावं तसं हललं. किनाऱ्यावरचा महादेव डोळ्यांसमोर आला. मी मनात म्हटलं, देवा, दार मी केलंय. ते लागलं की नाही, आत कोण आहे, बाहेर कोण आहे, हे मला माहीत नाही. तुला माहीत आहे. पुष्कळ वर्षांनी मी त्याच्याशी बोललो, आणि बोललो ते इतकंच.

ऑफिसात परत आलो. फ्रिगेट जवळ आली होती. मी स्पीकरपाशी उभा राहून म्हणालो, “मला माहीत नाही. सगळे आत असावेत असा माझा अंदाज आहे. पण खात्री देता येणार नाही.” टॉर्स्टनने डोळे मिटून घेतले. पलीकडून शांतपणे उत्तर आलं, समजलं, आम्ही थांबतो. मी मुग्धाला कळवलं. तिने तिथेच फोन ठेवून दिला.

त्यानंतरचं थांबणं कसं सांगावं? खुर्चीत बसून होतो. नाम घेत होतो की नुसता श्वास घेत होतो, ते वेगळं काढता येत नव्हतं. दुपार कलायला लागली, तेव्हा फ्रिगेटवरचा तोच अधिकारी पुन्हा बोलला. एक टेहळणी विमान दुसऱ्याच कामगिरीवर निघालं होतं. पुढे धुळीचं वादळ लागल्यामुळे ते माघारी वळलं आणि नेमकं आमच्या जहाजावरून गेलं. त्याच्या रेडिओवर एक बारीक आवाज आला होता. तो निखिलचा होता.

निखिल त्या खोलीत नव्हता. इंजिन बंद करून, इंधनाच्या झडपा मिटवून तो सगळ्यांच्या शेवटी निघाला, आणि वाटेतच त्याला वरून माणसं उतरताना दिसली. तिकडे दार लागल्याचा आवाज त्याने ऐकला. चाचे अंगावर आल्यामुळे आतल्यांना त्याच्यासाठी थांबता आलं नव्हतं, आणि एकदा लागलेलं दार आता उघडणार नव्हतं. मग तो माघारी फिरून जहाजाच्या चिमणीच्या आत, तिथल्या उभ्या शिडीने थेट वरपर्यंत चढला आणि झरोक्यांपाशी अंग चोरून बसला. हातात छोटा रेडिओ होता. पोलादी खोलीतून तसला आवाज बाहेर येणं शक्यच नव्हतं, झरोक्यातून आला. तो म्हणत होता, “बाकी सगळे आत आहेत. मी एकटा चिमणीत आहे. मला मारू नका.”

कमांडो तो कुठे आहे हे जाणून चढले. इंजिन चालू होत नाही, माणूस हाती लागत नाही, म्हणून चाचे आधीच हताश झाले होते. त्यांनी हत्यारं टाकली. गोळी सुटली नाही. मी ‘सगळे आत आहेत’ म्हणालो असतो तर चिमणीतली ती हालचाल कुणाची समजली गेली असती, याचा विचार मी अजूनही पुरा करू शकत नाही. मुग्धाला फोन केला. आम्ही दोघं नुसते रडत होतो. नंतर निखिलशी बोलणं झालं. मी म्हणालो, “दार उघडायचं नाही हा नियम माझा होता रे.” तो म्हणाला, “भाऊजी, नियम बरोबरच होता. उघडलं असतं तर सगळेच गेलो असतो.”

याला चमत्कार म्हणावं असा माझा हट्ट नाही. वादळ आलं की विमानं वळतात, हे मलाही कळतं. माझी अक्कल जिथपर्यंत जात होती तिथपर्यंत मी सगळं बंद केलं होतं, आणि निभावलं ते उघड्या राहिलेल्या झरोक्यातून, एवढंच मी सांगू शकतो. माझं काम मी आजही तितक्याच काटेकोरपणे करतो. दारांच्या कड्या स्वतः तपासतो. मात्र कुणाच्या आईला आता ‘निर्धास्त राहा’ म्हणत नाही.

पुढच्या सुट्टीत आम्ही निखिलला घेऊन गावच्या महादेवाला अभिषेकाला गेलो. गुरुजींनी संकल्पासाठी नाव-गोत्र विचारलं. निखिलने आपलं सांगितलं, मग म्हणाला, “गुरुजी, माझ्या जहाजावरच्या सगळ्यांची घ्या.” आणि तो एकेक नाव सांगू लागला. कॅप्टन ओलेह, फिलिपिनो स्वयंपाकी रोदेल आणि बाकीचे. गुरुजींनी पळी थांबवून विचारलं, “यांची गोत्रं?” “परदेशातली माणसं आहेत, गुरुजी,” मी म्हणालो. ते हसले आणि म्हणाले, “ठाऊक नसलेल्यांचं काश्यप गोत्र. त्यात सगळी पृथ्वी मावते.” मग प्रत्येक परकं नाव ते जपून, जमेल तसं उच्चारत गेले.

नावं संपल्यावर निखिल थोडा घुटमळला. “अजून काही जण होते, गुरुजी. होडीतून आलेले. पोरसवदाच होते. त्यांची नावं काही मला माहीत नाहीत.”

गुरुजींनी त्याच्याकडे पाहिलं, आणि काही न विचारता पिंडीवर पाण्याची धार धरली. “असू दे,” ते म्हणाले. “त्याला माहीत आहेत.”