देवरावच्या मशीनचा भाव

१९७६ साली मी बत्तीस वर्षांचा होतो, आणि अकोला जिल्ह्यातल्या मालेगावात माझ्या शब्दाला वजन होतं. शिक्षण चौथीपर्यंत, पण लाऊडस्पीकरचं दुकान स्वतःचं. जुना रेडिओ, भोंगा, ॲम्प्लिफायर, काहीही विकायचं असलं की लोक आधी माझ्याकडे आणत. मी कान लावून सांगायचो, तोच भाव. हे आज सांगतो, कारण देवराव जाऊन महिना झाला. त्याच्या मुलाचा फोन आला तेव्हा मी जेवत होतो. "काका, बाबा गेले..." एवढंच बोलला तो. मी ताट सरकवून हात धुतला.

देवराव मालेगावच्याच बौद्ध वस्तीतला, माझ्याच वयाचा. दिवसभर लोकांच्या शेतात राबायचा आणि सांजेला मांडीवर गिटार आडवी घेऊन बसायचा. पोलादी तुकडा तारांवरून असा सरकवायचा की शेजारच्या बाया भाकरी थापता थापता थांबत. तो वस्तीतल्या गायन पार्टीत वाजवायचा; अशा पार्ट्यांत बेंजोवाले पुष्कळ होते, गिटारवाला आमच्या भागात हा एकटा. त्याच्या रेल्वेतल्या मामाने भुसावळहून त्याला गिटारचं ॲम्प्लिफायर आणून दिलं होतं... कुण्या साहेबाने बदली होऊन जाताना मागे टाकलेलं. विलायती माल, काचेच्या व्हॉल्व्हचा, लाकडी खोक्यातच स्पीकर बसवलेला. आम्ही त्याला नुसतं मशीन म्हणायचो. चालू केलं की व्हॉल्व्ह तापेपर्यंत वाट पाहावी लागे. देवराव तेवढा वेळ खोक्यावर हात ठेवून बसायचा. "उठू द्या त्याले, म्हातारं आहे," म्हणायचा.

त्या वर्षी त्याला घरावर टिनपत्रे टाकायचे होते. अकोल्याचा एक ऑर्केस्ट्रावाला मशीन घ्यायला तयार झाला. देवरावचं गणित सरळ होतं. भाव चांगला आला तर टिनपत्रे होतील आणि एखादं लहान मशीनही येईल. नाही आला तर घरावर छप्पर, पण गिटार मुकी. दोघंही माझ्याकडे बोट दाखवून म्हणाले, बबन सांगेल तो भाव.

आमच्याकडे बैलांचा सौदा दुपट्ट्याखाली बोटं धरून होतो. आकडा चारचौघांत फुटत नाही, म्हणून मागेपुढे सरकता येतं. देवरावने खांद्यावरचा दुपट्टा काढून हातात धरलाही होता. मला ते कमीपणाचं वाटलं. दुकानापुढे माणसं जमलेली... दोस्त म्हणून बबनने भाव चढवला, असं कोणी म्हणायला नको होतं. मी माझ्या दुकानातली तार घेतली, गिटार मशीनला जोडली आणि बटण दाबलं. घुंऽऽ... डब्यात भुंगा अडकावा तसा आवाज.

"ट्रान्सफॉर्मर गेला याचा," मी म्हणालो.

"घरी नाई करत ते असं, बबन. तार बदलून पाह्य ना एकडाव."

"तू मले मशीन शिकवून राह्यला काय बे? वाजवनं तुयं काम, आयकनं माह्यं!"

लोक हसले. मलाही बरं वाटलं. आणि मी भाव मोठ्याने सांगून टाकला... भंगारापेक्षा थोडासा वर. आता दुपट्ट्याखाली कोण बोटं धरणार? ऑर्केस्ट्रावाल्याने लगेच मान डोलावली. देवरावने दुपट्टा झटकून पुन्हा खांद्यावर टाकला. "तू म्हनतं तं असंन," म्हणाला.

घरावर टिनपत्रे आले. गिटार खुंटीला गेली, ती तिथेच गंजली. पार्टीत देवराव झांजा वाजवू लागला. माझ्यावर त्याने कधी राग धरला नाही. धरला असता तर बरं झालं असतं. उलट जुनं सामान घ्यायला निघालेल्या माणसाला तो माझ्याच दुकानात पाठवायचा, "बबनचा कान खोटं बोलत नाई," असं सांगून. या दिवाळीनंतर, तो आजारी पडल्यावर, मी त्याला पाहायला गेलो, तेव्हाही खाटेवर पडल्या पडल्या नातवाला तेच सांगत होता. मी तोंड उघडलं...

"काय म्हनतं?" त्याने विचारलं.

"टिनं चांगले टिकले तुये."

"टिकतीन नाई तं काय," तो हसला. "त्याच्यापायी मशीन देल्लं ना गड्या."

तोंड उघडलं होतं ते हे सांगायला. सौदा झाला त्याच दिवशी संध्याकाळी मी त्याच तारेने माझा माईक दुकानातल्या ॲम्प्लिफायरला जोडला. घुंऽऽ. दुसरी तार लावली, आवाज साफ. माझ्या तारेच्या आतली, घुंघुं अडवणारी जाळी तुटलेली होती. देवरावच्या मशीनला काहीएक झालं नव्हतं. ऑर्केस्ट्रावाला गावातच पाहुण्यांकडे मुक्कामाला होता, सकाळच्या पहिल्या गाडीने जाणार होता. सौदा मोडता आला असता. फक्त एवढंच म्हणायचं होतं, की माझं चुकलं. तसं मी आयुष्यात कोणालाच म्हटलं नव्हतं... बायकोलासुद्धा नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी उजाडताच मी स्टँडवर गेलो. मशीन पोत्यात गुंडाळून एसटीच्या टपावर चढवलेलं होतं. ऑर्केस्ट्रावाला खिडकीतून म्हणाला, "काय बबनभाऊ, एवढ्या सकाळी?" मी वर पाहिलं. "दोरी ढिली आहे तुमची," म्हणालो. मग शिडीने टपावर चढलो, आणि खड्ड्यांत आदळून व्हॉल्व्ह फुटू नयेत म्हणून दोन वेढे जास्तीचे घालून दोरी चांगली घट्ट बांधून दिली.