चारही चाकांची प्रार्थना

शरणपुरात कुणी नवी गाडी घेतली, की आधी मला फोन येतो आणि मग पाळकसाहेबांना. पाळकसाहेब थोडक्यात आटोपतात, माझी प्रार्थना लांबते, आणि नव्या गाडीच्या मालकाला लांबलेलीच आवडते. मी शमुवेल भालेराव, चष्म्याचा दुकानदार. बाप्तिस्मा, नवं घर, दहावीचा निकाल, मुतखडा, सगळ्यासाठी माझ्याकडे प्रार्थना तयार असते. डोळे मिटले की जीभ आपोआप सुरू होते. "शमूभाऊ प्रार्थनेला उभे राहिले की चहा गार होतो," असं चर्चच्या मंडळीतले लोक म्हणतात. मी ते कौतुक समजतो.

करोनात मी फोनवरून किती जणांसाठी प्रार्थना केल्या. शब्द तेच होते. काही माणसं घरी आली, काही आली नाहीत. माझा धाकटा भाऊ आला नाही. तेव्हापासून वर कुणी ऐकतंय की मी नुसताच छताशी बोलतोय, हे मला कळेनासं झालंय. शहाणा माणूस गप्प बसला असता. पण माझा देवावरचा विश्वास डळमळला तरी स्वतःच्या प्रार्थनेवरचा काही हलला नाही. हे फक्त माझ्या बायकोला, एस्तेरला, माहीत होतं.

यंदा तिच्या हृदयाची झडप बदलायची ठरली. आदल्या संध्याकाळी दवाखान्यात ती म्हणाली, "उद्या मला आत नेताना तुम्हीच प्रार्थना करा. पाळकसाहेब नकोत."

"माझं काय झालंय, ठाऊक आहे ना तुला?"

"ठाऊक आहे. लोकांसाठी नका करू, माझ्यासाठी करा. मला भीती वाटतेय हो."

ऑपरेशन दुपारी होतं. सकाळीच मंडळीतल्या लखनचा फोन आला. त्याने द्राक्षांच्या वाहतुकीसाठी नवा टेम्पो घेतला होता. "शमूभाऊ, पिंपळगावला माल भरायला निघायचंय. दोन शब्द बोलून जा ना."

नाही कसं म्हणणार? बायको दवाखान्यात, आणि मी टेम्पोच्या बॉनेटवर हात ठेवून उभा. "प्रार्थना लय भारी झाली बघा," लखन म्हणाला. मी फुगलो आणि तसाच दवाखान्यात गेलो.

ऑपरेशन थिएटरच्या दाराशी वॉर्डबॉय स्ट्रेचर धरून थांबला. एस्तेरचा हात गार पडला होता. मी स्ट्रेचरच्या दांडीवर हात ठेवला, डोळे मिटले आणि जीभ सुरू झाली.

"हे स्वर्गीय बापा, हे वाहन आम्ही तुझ्या हाती सोपवतो. याच्या चारही चाकांचं रक्षण कर. याचे ब्रेक कधी फेल होऊ देऊ नकोस. हे जिथं जाईल तिथून भरून परत येऊ दे..."

स्ट्रेचर हलायला लागलं. डोळे उघडले तर एस्तेर तोंडावर चादर ओढून हसत होती. वॉर्डबॉय भिंतीकडे तोंड करून उभा होता.

"अहो," ती म्हणाली, "मी काय द्राक्षं भरायला चाललेय?"

मग मला एकही शब्द आठवेना. इतक्या वर्षांत असं कधी झालं नव्हतं. "बापा," मी म्हणालो, "असशील तर हिला परत पाठव. हिच्याशिवाय मला राहता येणार नाही." तेवढ्यात आतून हाक आली, स्ट्रेचर आत गेलं, दार लागलं. आमेन म्हणायचं राहूनच गेलं.

बाहेर बाकावर बसलो. मंडळीतून फोनवर फोन. "प्रार्थना झाली ना? तुमचीच होती म्हणजे काळजी नाही." काय सांगणार? जन्मात केली नसेल इतकी वाईट झाली होती. कुणी ऐकली का, ठाऊक नाही. पण आजवर लोकांनी ऐकलं की माझं भागत होतं. त्या दुपारी मात्र त्याने ऐकायलाच हवं होतं.

दुसऱ्या दिवशी मला अतिदक्षता विभागात सोडलं. एस्तेरने डोळे उघडले. ओठ हलले, म्हणून मी वाकलो.

"चाकं बघा," ती पुटपुटली.

"चारही आहेत," मी म्हणालो आणि तिथंच रडायला लागलो. रडता रडता राहिलेलं आमेन म्हणून टाकलं.