ठाकुर्लीचा नावाडी

समस्त प्रवाशांना अत्यंत जड अंतःकरणाने कळवण्यात येते की, नावाडी राघोजी यांच्या गैरहजेरीमुळे ठाकुर्लीची होडी पुढील सूचनेपर्यंत बंद आहे. या होडीची नदी शोधायला जाऊ नका. ती माझा मित्र शशिकांत याच्या जेवणाच्या टेबलावर होती. दर रविवारी दुपारी आम्ही पन्नाशीतले चार घोडे तिच्या काठी बसून खेळायचो. नीलेश गोष्ट रचत जायचा, बाकीचे तिच्यातली माणसं व्हायचो, अडलं की फासे टाकायचो. महिन्यापूर्वी त्याच्या बायकोनं, वैदेहीवहिनींनी, फोनवर शशी गेल्याचं सांगितलं, तेव्हा मी काय केलं, तर रविवारसाठी आणलेले वेफर्स डब्यात भरून झाकण घट्ट लावलं. का, ते अजून कळलेलं नाही.

माणसं हा खेळ का खेळतात? माझं सोपं आहे. घरी मला कुणी दोन वाक्यांपुढे बोलू देत नाही, टेबलावर मी राजा असायचो. ऑफिसात दिवसभर मान डोलावणारा सुहास तिथे तलवार चालवायचा. पण शशी? नऊ वर्षं नावाडी राघोजी. ना लढाई, ना खजिना. नीलेश एकेकाकडे बोट करून विचारायचा, ‘आता तू काय करणार?’ आणि शशी म्हणायचा, ‘मी होडीपाशी थांबतो. तुम्ही या जाऊन.’ एकदा कोपर स्टेशनबाहेर भाजी घेताना मी वैतागून विचारलं, की एवढंच करायचं तर खेळतोस कशाला. मेथीची जुडी उलटीसुलटी करत तो म्हणाला, ‘दुसरीकडे मला कुणी विचारत नाही रे, आता तू काय करणार म्हणून.’ मग विचारल्यावर नुसता थांबतोस का... हे विचारायचं राहूनच गेलं.

गेल्या रविवारी वहिनींनी आम्हाला फासे आणि नकाशा घेऊन जायला बोलावलं. आम्ही सवयीने टेबलाशी बसलो. खिडकीजवळ शशीची खुर्ची, तिच्यासमोर प्लास्टिकच्या फोल्डरमध्ये राघोजीचा कागद. त्याचं आता काय करायचं? नीलेशला त्याला पुरात वीरमरण द्यायचं होतं, मला गादीवर बसवायचं होतं, सुहास म्हणाला खेळच बंद करू. तसा आमचा एक नियम आहे. जो येत नाही, त्याचं पात्र ‘गावाला गेलंय’ असं वहीत लिहायचं, म्हणजे ते मरत नाही, त्याची जागा राहते. पण त्या नियमाचं नाव काढायची हिंमत कुणाला होईना... शेवटी नीलेशचं बोट फिरत फिरत रिकाम्या खुर्चीवर आलं आणि तो विचारून बसला, ‘आता तू काय करणार?’

नऊ वर्षं या सगळ्याला पोरखेळ म्हणत स्वयंपाकघरातून ऐकणाऱ्या वहिनी चहाचा ट्रे घेऊन दारात उभ्या होत्या. त्यांनी ट्रे नकाशावरच ठेवला, शशीच्या खुर्चीत बसल्या आणि म्हणाल्या, ‘गावाला गेलाय म्हणून लिहा. तोवर होडी मी धरते.’