बेचाळीस वर्षांचं बाळ

पालमच्या शिवरुद्राचं भांड्यांचं दुकान होतं. त्याला रक्ताचा कर्करोग झाला, तेव्हा मुंबईच्या दवाखान्यात धाकट्या बहिणीच्या, मल्लम्माच्या हाडांतली मज्जा काढून त्याला दिली आणि गडी वाचला. पुढची दोन वर्षं संसर्गाच्या भीतीने त्याने तोंडाला फडकं बांधून, लग्नाच्या पंगती लांबून बघत काढली. त्र्याण्णव सालच्या तपासणीत डॉक्टर म्हणाले, "रक्त झकास आहे. फक्त ही मज्जा नवी, दोन वर्षांची; लहानपणी निघालेला गोवर तुमचं शरीर विसरलंय. लस घ्या."

बुधवारी तो बहिणीसोबत सरकारी दवाखान्यात रांगेला लागला. मागेपुढे सगळ्या लेकुरवाळ्या. नर्सबाईंनी त्याच्या झुबकेदार मिशांकडे पाहून विचारलं, "बाळ कुठंय?"

"मीच हाय," शिवरुद्राने लाजत डॉक्टरांची चिठ्ठी पुढे केली.

बाईंनी ती दोनदा वाचली आणि बाळांच्या लसीचं कार्ड उघडलं. "आईचं नाव?"

"माझं लिवा," मल्लम्मा म्हणाली. "माझंच रगत हाय त्यांच्यात."

"अगं, मी थोरला हाय!"

"होता, अण्णा. आता दोन वर्साचे हाव की!"

सुई टोचताच शिवरुद्र एवढ्या मोठ्यानं बोंबलला, की झोपलेली सगळी पोरं जागी होऊन रडायला लागली. "आता तुमीच गप करा," म्हणत एका बाईने आपलं लेकरू त्याच्या मांडीवर ठेवलं. लेकराने दोन्ही मुठींत त्याच्या मिशा धरल्या अन् ते खुदकन हसलं. दोन वर्षांत एवढ्या जवळ कुणी आलं नव्हतं. शिवरुद्राचे डोळे भरून आले, पण मिशा काही त्याने सोडवल्या नाहीत.