अंतिम तपासणीत नापास

अमेरिकन फुटबॉलमधल्या पराभवांवर अधिकारवाणीनं बोलणारा अख्ख्या धायरीत एकच माणूस होता आणि तो आमच्या वरच्या मजल्यावर राहायचा. काका खडकीच्या दारूगोळा कारखान्यातून तपासनीस म्हणून निवृत्त झालेले. मुलगा सॉफ्टवेअरच्या लाटेत अमेरिकेला गेला आणि तिथल्या त्याच्या गावचा संघ काकांनी दत्तक घेतला. हा संघ अंतिम सामन्यापर्यंत रुबाबात जायचा आणि तिथे हमखास माती खायचा. मुलानं पाठवलेल्या पुस्तकावरून काकांनी त्या सगळ्या अंतिम सामन्यांचा इतिहास कारखान्याच्या शिस्तीनं वहीत उतरवला होता. 'अंतिम तपासणीत नापास. कारण : घाई.' पुढच्या पानावर, 'नापास. कारण : चेंडू हातातून निसटला.' मेथीची जुडी घेता घेता ते भाजीवालीलाही एखादा पराभव समजावून सांगत. तिनं एकदा वैतागून, दुसरी माणसं घ्या की खेळायला, असं सुचवलं, तर काकांनी तेही वहीत टिपून ठेवलं.

आम्ही सगळे हसायचो. पण मुलाशी फोनवर बोलायला त्यांच्याकडे तेवढा एकच विषय उरला होता, हे मला ठाऊक होतं.

त्या वर्षी संघ पुन्हा अंतिम सामन्यात पोचला. सामना आपल्याकडच्या सोमवारी पहाटे व्हायचा. ऑफिसच्या इंटरनेटवर निकाल बघून सांगतो, असं मी कबूल केलं आणि साफ विसरलो. सोमवारी संध्याकाळी कंपनीच्या बसमधून उतरतो तर काका फाटकाशी उभे. विसरलो म्हणायची लाज वाटली, म्हणून ठोकून दिलं, "जिंकले, काका." तासाभरात त्यांनी सोसायटीभर पेढे वाटले आणि मला घरी नेऊन बसवलं. तेवढ्यात मुलाचा फोन आला. काकांनी त्याचं अभिनंदन केलं, तर संघ हरलाय, असं तो पलीकडून सांगू लागला.

"माझाच गोंधळ झाला रे," ते म्हणाले. "चष्मा न लावता संध्याकाळचा पेपर वाचला."

फोन लगेच संपला. काकांनी मला चहा घेणार का विचारलं, दुसरं काही नाही.

आठवड्यानं धीर करून माफी मागायला गेलो. त्यांनी बोलूच दिलं नाही, वही पुढे सरकवली. 'नापास. निकाल न तपासता पुढे पाठवला. चूक तपासनिसाची.' खाली त्यांची सही. माझं नाव कुठेच नव्हतं, आणि त्याचीच मला जास्त लाज वाटली.

आता काका मुलाकडेच असतात, सामने तिथेच बघतात. मी मात्र दर वर्षी त्या सोमवारी ऑफिसात गेल्यागेल्या आधी निकाल बघतो. संध्याकाळी फाटकाशी विचारायला कुणी नसतं.