वजाचं चिन्ह कुठे गेलं?

परवा दुपारी अमरावतीहून फोन आला आणि माझी पाचावर धारण बसली... मी अकोल्यात घरी बसून कॉलेजांसाठी फीचं सॉफ्टवेअर बनवते. फोन अशाच एका कॉलेजच्या फीच्या खिडकीवरच्या गावंडेकाकांचा होता.

समोर प्रणाली नावाची मुलगी उभी होती. हिवरखेडची, होस्टेलवर राहणारी. स्क्रीनवर तिच्याकडे ७,२०० बाकी दिसत होते, म्हणून हॉल तिकीट अडलेलं... पाचला खिडकी बंद होणार आणि पेपर दुसऱ्या दिवशी सकाळी.

तिचं म्हणणं, मी पूर्ण फी भरली, नंतर सवलत मंजूर झाली, म्हणजे कॉलेजच मला देणं लागतं. मी तिचं खातं उघडलं... उणे सात हजार दोनशे. पोरगी बरोबर होती.

काकांना पेज रिफ्रेश करायला सांगितलं. आम्ही लोक दुसरं काय सांगणार! तरी तिकडे बाकीच दिसत होती आणि मला आठवलं... अशीच तक्रार पंधरा दिवसांपूर्वीही आली होती. 'माझ्याकडे तर बरोबर दिसतंय' असं लिहून मी ती बंद केली होती.

काकांनी वैतागून फोन तिच्याच हातात दिला. ती रडत नव्हती, त्याचीच मला जास्त भीती वाटली.

"मॅडम, मी कॉमर्सची आहे. घेणं काय अन् देणं काय, मले समजते. तुमच्या मशीनले काहून नाही समजत?"

मी स्क्रीनचा फोटो मागवला... माझ्याकडे होतं -7,200. त्यांच्याकडे ७,२००.

स्क्रीन मराठीत दाखवणारं बटण! आकडे मराठीत करणारा कोड माझाच. आकडे आणि स्वल्पविराम ठेवायचे, बाकी सगळं गाळायचं, असं त्यात लिहिलेलं... आणि वजाचं चिन्हही गाळलं जात होतं. याच बटणासाठी कॉलेजने मला शाल-श्रीफळ दिलं होतं. मी स्वतः मात्र ते एकदाही दाबलं नव्हतं.

काकांना स्क्रीन इंग्रजीत करायला सांगितलं. चिन्ह दिसलं... पाचला वीस मिनिटं असताना हॉल तिकीट तिच्या हातात पडलं.

नंतर बाकीची खाती तपासली. आणखी नऊ मुलांचं तसंच झालं होतं. त्यातल्या दोघांनी तर नसलेली बाकी भरूनही टाकली होती... फार लाज वाटली.

काल प्रणालीचा मेसेज आला. 'पेपर चांगला गेला मॅडम. आता पैसे कधी भेटतीन?'

कोड दुरुस्त झालाय, पण पैसे अजून कॉलेजकडेच आहेत. सोमवारी मी अमरावतीला जातेय, तिच्यासोबत त्याच खिडकीवर उभी राहायला... त्या दोघांचेही परत मागायचेत.

थँक यू प्रणाली... पैसे भरून मोकळी झाली नाहीस, म्हणून.