सूप मांडीवर कधी घेतलंस?

आक्का गेल्याचा फोन आला तेव्हा मी परीक्षेच्या हॉलमध्ये पर्यवेक्षणाला होते आणि फोन नियमाप्रमाणे कपाटात बंद होता. दुपारी बाहेर काढला तर निपाणीच्या रुक्मिणीचे अकरा मिस्ड कॉल. रुक्मिणी म्हणजे आक्काची शेजारीण, तिच्याच खोलीत बसून बिड्या वळणारी. मीच फोन लावला. "ताई, सुशीलाक्का गेली बघा. सकाळी च्या पिली, सूप घेतलं, बिड्यांचं दोन-चार कट्टं बांधलं आणि भितीला टेकली... आमाला वाटलं डोळा लागला." बेळगावहून मिळेल त्या गाडीत बसले. तवंदीचा घाट उतरेपर्यंत रडू आलं नाही. निपाणी जवळ आली, तंबाखूचा ओळखीचा उग्र वास खिडकीतून आत शिरला आणि मग मात्र आवरेना. कंडक्टरनं कन्नडमध्ये विचारलं, काय झालं? मी मराठीत सांगितलं, माझी सहलेखिका गेली. त्याला काय कळलं कोण जाणे, पण त्यानं स्वतःची पाण्याची बाटली पुढे केली.

सुशीला चौगुले चौथीपर्यंत शिकलेली होती आणि गेली पन्नासएक वर्षं बिड्या वळत होती. मी कॉलेजात अर्थशास्त्र शिकवते. आमची गाठ पडायचं कारण माझा आगाऊपणा. बायकांच्या घरबसल्या कामावर संशोधन करायचं म्हणून मी एक प्रश्नावली घेऊन तिच्या गल्लीत गेले होते. पहिलाच प्रश्न होता, तुम्ही रोज किती तास काम करता? चार दिवस फिरून अर्ज भरले आणि घरी येऊन पाहते तो निम्म्याहून जास्त बायकांनी सांगितलेलं, काम न्हाय, घरातच असतो. आणि हे सांगताना प्रत्येकीच्या मांडीवर सूप, सुपात तंबाखू, आणि बोटं एकसारखी पान गुंडाळत होती! मी डोळ्यांनी पाहत होते आणि कागदावर शून्य लिहून घेत होते. पदवी असल्याशिवाय असली चूक जमत नाही.

पाचव्या दिवशी तेच अर्ज घेऊन मी सुशीलाक्काच्या दारात उभी राहिले. तिनं एक वाचला, दुसरा वाचला, आणि इतकी हसली की तिला ठसका लागला. "अगं मास्तरीण, काम म्हंजे बाहीर जाऊन करायचं ते. हे तर आमचं बसणं हाय. असं इचारून कोण सांगंल?" मग कसं विचारू, मी म्हटलं. तिनं बिडीचं तोंड नखानं दुमडून बंद केलं, दोरा गुंडाळला आणि शेजारच्या रुक्मिणीला विचारलं, "काय गं, आज सूप मांडीवर कधी घेतलंस? आणि खाली कितीदा ठिवलंस?" रुक्मिणी घडाघडा सांगत सुटली. पाणी आलं तेव्हा ठेवलं, भाकऱ्या थापल्या, परत घेतलं, सासूला औषध दिलं, परत घेतलं... त्या एका प्रश्नानं माझी सगळी प्रश्नावली केराच्या टोपलीत गेली.

पुढची अडीच वर्षं आम्ही दोघी निपाणीत आणि बोरगावच्या बाजूला घरोघर हिंडलो. प्रश्न ती विचारायची, लिहायची मी. बिडीच्या कामात कारखान्याचं कार्ड एकीच्या नावावर असतं, पण पान कापणारी लेक, दोरा बांधणारी सासू, कट्टे रचणारी नणंद, अशा तीन-चार जणींचे हात त्यात असतात. ते हात मोजायचे, हे आक्कानंच काढलं. नुसते मोजायचे नाहीत, तर दुखतात कुठे, बधिर कधी होतात, तेही विचारायचं. त्यामुळे आमच्या कागदांत तासांचे तक्ते आले, मनगटांची दुखणी आली, आणि सूप मांडीवर असताना बायका जे बोलतात ते सगळं आलं. हे नेमकं कुठल्या विषयात बसतं, असं विभागप्रमुखांनी मला विचारलं होतं. मी आक्काला विचारलं. ती म्हणाली, "बाई एकच हाय की गं. तुमी तिचं विषय केल्यासा."

लेख लिहून झाला. मी मोठ्या उत्साहानं तिला मराठीत वाचून दाखवायला गेले. लेखिका म्हणून वर माझं एकटीचं नाव होतं. आत जिथे जिथे तिचं बोलणं आलं तिथे मी लिहिलं होतं, गंगूबाई, नाव बदललं आहे. आमच्याकडची ती रीतच. बोलणाऱ्या बाईला पुढे त्रास होऊ नये म्हणून नावं बदलायची. आक्का ऐकत राहिली आणि मग तिनं सूप खाली ठेवलं. इतक्या वर्षांत तिनं माझ्यासाठी सूप खाली ठेवल्याचं मी पाहिलं नव्हतं. "ही गंगूबाई कोण?" तूच, मी म्हटलं. "मी काय चोरी केल्या व्हय, नाव लपवाय? म्हंजे कार्ड तुझ्या नावावर, हात माझं. आणि वर नाव बी बदललंस! लगनात एकदा बदललं, तवा कोन इचारलं न्हाय. आता तू बी न इचारता बदललंस?" मला तोंड वर करवेना. दुसऱ्यांच्या घरातले लपलेले हात मोजत हिंडले आणि स्वतःच्या लेखात तेच करून बसले होते. त्या दिवशी तिनं मला चहा दिला नाही. मी परतीच्या गाडीत बसले तेव्हा लाजेनं कान तापले होते.

आठ दिवसांनी पुन्हा गेले. म्हटलं, आक्का, बाकीच्या बायकांची नावं त्यांना हवी तशी झाकलेली राहू देत, पण तू सांगणारी नाहीस, करणारी आहेस. लेख आपल्या दोघींच्या नावावर जाईल. नाव काय घालू? सांगते म्हणाली. त्या सांगण्याला आणखी एक आठवडा गेला. मग फोनवर हळूच म्हणाली, "शेवंता लिव्ह. आडनाव सासरचंच असू दे, त्यानं माझं काय वाकडं केलं न्हाय." शेवंता हे तिचं माहेरचं नाव. मला त्या दिवशी पहिल्यांदा कळलं.

त्यानंतरची गंमत वेगळीच. इंग्रजी नियतकालिकांच्या त्या ऑनलाइन अर्जात प्रत्येक लेखकाची संस्था भरल्याशिवाय पुढचं पान उघडतच नाही. शेवंता चौगुले यांची संस्था कोणती? मी भरलं, बिडी कामगार, निपाणी. पहिल्या नियतकालिकानं लेख वाचल्याचंही जाणवू न देता परत पाठवला. दुसऱ्यानं दोन तज्ज्ञांना दिला. एक म्हणाला, गोष्टी फार आहेत, आकडे कमी. दुसरी म्हणाली, आकडे फार आहेत, बायकांचा आवाज कमी. मी रडवेली होऊन आक्काला सांगितलं. "एक म्हनतोय तंबाखू कमी, दुसरी म्हनत्या तंबाखू जादा," ती म्हणाली. "बिडी वडून बघितली का कुनी?" आणि मग मला समजावलं. कारखान्यात माल तपासताना नापास झालेल्या बिड्यांना छाट म्हणतात. "आमची छाट मालक ठेवून घेतोय. तुझा लेख तर परत दिला की गं. मग रडतीस कशाला? सोड, पान बदल, परत वळ."

तसा तो तीनदा वळला. नियतकालिकाच्या संपादक बाईंनी शेवटी एकच प्रश्न विचारला, दुसऱ्या लेखिकेचं यात नेमकं काम काय? मी पानभर उत्तर लिहायला बसले होते. आक्का म्हणाली, मी सांगते तसं लिव्ह. "मी सवाल बदललं. म्हणून बायकांनी खरं सांगितलं. बाकीचं मास्तरणीनं लिवलं." तेवढंच इंग्रजीत करून पाठवलं. चौथ्या दिवशी लेख स्वीकारल्याचं पत्र आलं. आक्कानं फोनवर पहिला प्रश्न विचारला, "छाट किती?" काही नाही, म्हटलं. "सगळा माल पास? आँ? माझ्या जल्मात असं कधी झालं न्हाय!" अंक यायला दोन महिने होते. ती त्याआधी दीड आठवडा गेली... याचं मला अजून वाईट वाटतं, आणि वाटत राहील.

गेल्या रविवारी अंक घेऊन निपाणीला गेले. तिच्या खोलीत नेहमीच्या सहा-सातजणी बसल्या होत्या. तिच्या जागेवर तिची थोरली जाऊ, हौसाक्का, तिचंच सूप मांडीवर घेऊन. मी लेख उघडून नावं वाचली. रुक्मिणी म्हणाली, "ही शेवंता कोन? आमच्या आक्काचं नाव कुठाय?" मी सांगणार तेवढ्यात हौसाक्काच बोलली. "आमची सुशीलाच ती. लगनात ताटात तांदूळ पसरून नवऱ्यानं नवं नाव लिवलं. सासूचं नाव बी शेवंता हुतं, मग सुनंला त्याच नावानं हाक कशी मारायची? म्हणून बदललं." शेजारी राहून इतक्या वर्षांत बाकी एकीलाही ते नाव ठाऊक नव्हतं.

मग मी मराठीत सांगत सांगत लेख वाचला. अर्ध्यावर रुक्मिणीनं मला थांबवलं. "ताई, ह्यात पान भिजवायचं न्हाईच की! आदल्या दिवशी पान भिजवून फडक्यात बांधाय लागतंय, ते कोन मोजायचं?" बाकीच्या लगेच तिच्या बाजूनं झाल्या. छापून आलेल्या मालात आक्काच्या मैत्रिणींनी छाट काढली होती! मला इतका आनंद झाला की मी तिथेच वही काढली. पुढचा लेख पान भिजवण्यावर, आणि या वेळी कार्डावर सगळ्यांची नावं. रुक्मिणी ऐटीत म्हणाली, "माझं माहेरचं बी रुक्मिणीच, लिवा." एकीनं दोन्ही नावं सांगितली. एकजण विचार करते म्हणाली.

हौसाक्काकडे वळले तर ती सुपातल्या तंबाखूतून नुसती बोटं फिरवत होती. नको असेल तर राहू दे आक्का, मी म्हटलं. तिनं मान हलवली. "न्हाय गं, आठवाय लागलोय. साठ वर्सं झाली, कुनी हाक मारली न्हाय." मग तिनं सूप उचलून खाली ठेवलं, पदरानं हात पुसले आणि माझ्या वहीकडे बघत म्हणाली,

"यमुना."